काळी आकृती मूर्तिजापूरला उतरते

भाची अमरावतीला कॉलेजात, मामा अकोल्याला, मराठीचा निवृत्त शिक्षक. भाचीनं मैत्रिणींना जमवून एक वऱ्हाडी गुप्तहेर-मालिका लिहायला घेतली आहे. विनोदी आहे, मोबाइलवर चित्रित करून भागाभागानं दाखवायची. घाट सगळा जपानी ॲनिमेचा. मामाचं तारुण्य भाड्याच्या वाचनालयातल्या बाबूराव अर्नाळकरांवर पोसलेलं. संहिता त्याच्या हाती पडली आणि दोघांची जुंपली. मी तिचा बाप आणि त्याचा भाऊजी. कुणाचीही बाजू घेतली तरी जेवणाच्या ताटावर परिणाम होणार, म्हणून नुसता ऐकत होतो. ते बोलणं थोडं नीट लावून इथे देतो.

गोष्ट अशी : मूर्तिजापूर स्टेशनावर एक काळी आकृती उतरते. नखशिखांत काळी, दिसतात ते फक्त डोळे आणि दात. जवळच्या गावातून कापूस चोरीला गेला आहे. तपास पोलीस पाटलाकडे, आणि डोकं मात्र शेजारच्या सातवीतल्या पोरीचं.

मामा : पह्यल्याच पानावर अडकलो मी. हा काया मानूस कोन हाये व? भूत हाये का?

भाची : भूत नाही मामा, गुन्हेगार. ‘डिटेक्टिव्ह कोनान’मध्ये गुन्हेगार सापडेपर्यंत त्याला असाच दाखवतात. चेहरा कळू नये म्हणून अख्खा काळा, आणि त्यात हसणारे दात.

मामा : हे तुले सांगा लागलं ना? ज्या विनोदासंगं समजावून सांगाले मानूस पाठवा लागते, तो विनोद कायचा?

भाची : म्हणून तर तो रिक्षावाल्याला पत्ता विचारतो आणि रिक्षावाला म्हणतो, “काऊन भाऊ, पारसचा कोळसा उतरवून आले काय?” इथे तुम्ही हसलात. बाबांनी पाहिलंय.

(हसला होता. पारसच्या वीजकेंद्राकडे जाणारे कोळशाचे डबे ज्यानं पाहिलेत, त्याला हसू आवरणार नाही.)

मामा : हासलो तो पारसवर. तुह्या जपानवर नाई.

भाची : जपान्यांनीही हेच केलं. मूळ कोनान गोशो आओयामांचा. १९९४ पासून ‘शोनेन संडे’ साप्ताहिकात चालू आहे, खंड शंभरच्या वर गेलेत. त्यातली ही काळी आकृती उचलून मायुको कानबा या चित्रकर्तीनं २०१७ मध्ये वेगळी मालिका काढली, गुन्हेगारालाच नायक करून. त्याचं नाव हानझावा. २०२२ च्या ऑक्टोबरात ती टीव्हीवर आली. हानझावा खेड्यातून येतो, त्याला शहरात एकाच माणसाचा खून करायचाय. पण कोनानचं बेइका हे असं गाव आहे की तिथे रोज कुणीतरी मरतंच. बिचारा घाबरून जातो.

मामा : हे मस्त हाये. खुनाले आलेला मानूस गाव पाहून भेलाच.

भाची : पाहा, आता तुम्ही कोनान न बघताच हसलात.

मामा : खेड्यातला मानूस शहरात फसते, हे मले कायले जपानातून शिका लागते? आपल्या दंडारीच्या खेळात किती पिढ्या हेच करून राह्यल्या.

मामाचं खरं म्हणणं इथे लपलेलं आहे. संदर्भाशी त्याचं भांडण नाही, पहाऱ्यावर बसवलेल्या संदर्भाशी आहे. आत यायचं तर आधी ओळखपत्र दाखवा, असं म्हणणारा विनोद त्याला चालत नाही.

भाची : पण मामा, गुप्तहेरकथा मुळातच संदर्भांनी बनलेली आहे. कोनान एदोगावा हे नावच घ्या. कोनान हे डॉयलवरून आणि एदोगावा हे रानपोवरून. रानपो जपानी रहस्यकथेचा बाप, आणि त्याचं स्वतःचं टोपणनाव एडगर ॲलन पोवरून बेतलेलं. आगासा डॉक्टर म्हणजे ॲगाथा. कोगोरो मोरीतला कोगोरो रानपोच्या आकेची कोगोरोकडून आला, आणि मोरी हा ल्युपँ या चोराच्या गोष्टी लिहिणाऱ्या मोरिस लब्लांकडून.

मामा : म्हंजे सारी उसनवारीच. आपलं काय?

भाची : उसनवारी होम्सपासूनची आहे. १८८७ च्या पहिल्याच कादंबरीत होम्स पोच्या द्युपँला किरकोळ ठरवून मोकळा होतो. पुढे लब्लांनं १९०६ मध्ये होम्सलाच आपल्या ल्युपँच्या गोष्टीत ओढलं. डॉयलनं हरकत घेतली, तर यानं अक्षरं इकडची तिकडे करून हर्लॉक शोल्म्स केलं. तिथून साठ वर्षांनी, १९६७ मध्ये, मंकी पंच नावाच्या जपानी चित्रकारानं ल्युपँचा नातू काढला, ल्युपँ तिसरा. त्याच्या मागे धावणाऱ्या इन्स्पेक्टर झेनिगाताचं आडनावही जुन्या जपानी गुप्तहेरकथेतलं. चोराच्या मागं चोर लागलाय, कुणीच घरचा नाही.

मामा : आमचे अर्नाळकरही इंग्रजी रहस्यकथाईचाच माल मराठीत आनत. पन आम्ही काया पहाड वाचला, झुंजार वाचला, तेव्हा मूळ कोनतं हे आम्हाले ठाऊक नव्हतं. म्हून काही अडलं नाई.

भाची : आमचंही तेच झालं! शिनचॅन आम्ही ‘हंगामा’ वाहिनीवर हिंदीतून बघत मोठ्या झालो. त्यातला ॲक्शन कामेन म्हणजे जपानच्या मुखवटेवाल्या वीरांची टिंगल. कांताम रोबो ही गुंडाम वगैरेंची टिंगल. अमरावतीत आम्हाला मूळ कुठं माहीत होतं? आमच्यासाठी ॲक्शन कामेनच खरा.

मामा : तेच शिनचॅन ना, जे सरकारनं बंद केलतं?

भाची : २००८ ला. नंतर कापून-छाटून परत आलं. आणि तुम्ही विषय बदलताय.

तिचा मुद्दा मला ती समजली त्याहून मोठा वाटला. वऱ्हाडात नक्कल आधी पोचते आणि अस्सल मागून. मामाला काळा पहाड आधी भेटला, होम्स नंतर. होम्स भेटला तोही भालबा केळकरांच्या मराठीतून. तिला ॲक्शन कामेन आधी भेटला. पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटतं, विडंबन कळायला मूळ हवं. आमच्याकडे विडंबनच मूळ म्हणून येतं आणि त्यावर पिढी वाढते. दोघंही नकळत एकाच अनुभवातून बोलत होते. हे सांगून मी भांडण मिटवू शकलो असतो, पण चहा अजून यायचा होता.

मामा : बरं, हे सांग. पोलीस पाटील जेवून खुर्चीत झोपते, अन् मागून ते पोट्टी त्याच्या आवाजात गुन्हा उलगडून सांगते. हे कोठून आनलं?

भाची : तेही कोनानचंच. कोनान म्हणजे खरं तर कॉलेजच्या वयाला टेकलेला पोरगा, विषारी औषधानं लहान झालेला. लहान पोराचं कोण ऐकणार? म्हणून तो घड्याळातून भुलीची सुई मारून कोगोरो मोरीला झोपवतो आणि बो-टायमधल्या यंत्रातून त्याच्या आवाजात बोलतो. जगाला वाटतं, मोरी झोपेत केस सोडवतो.

मामा : तुह्या पोट्टीजवळ सुई दिसली नाई मले.

भाची : लागतच नाही. पाटलाचं जेवण झालं की तो आपोआप झोपतो. आणि आवाजासाठी डालड्याचा रिकामा डबा. त्यात तोंड घालून बोललं की पाटील.

मामा : हे जमलं! सुई काढली म्हून जमलं. सुई ठेवली असती त नक्कल झाली असती.

भाची : ज्यानं कोनान पाहिलाय त्याला दोनदा हसू येईल. एकदा पाटलाचं, एकदा सुई वाचल्याचं. तुम्हाला एकदाच आलं, पण आलं. आणि अजून एक गोष्ट मामा. कोनानचं कुणी ऐकत नाही, कारण तो लहान आहे. आमच्या पोरीचं ऐकत नाहीत, कारण ती लहान आहे आणि पोरगी आहे. गावात झोपलेल्या पाटलाचं ऐकतात, जागी पोरगी काय म्हणते ते नाही. हे मला आधी सुचलं नव्हतं. डबा लिहिताना सुचलं.

यावर मामा चष्मा पुसत बसला. संहितेतली हीच जागा मला सगळ्यांत भक्कम वाटते. उसना आणलेला डाव इथल्या मातीत लावला आणि त्याला इथलं फळ आलं. जपानी मालिकेत तो डाव म्हणजे गंमतीचं यंत्र. इथे त्यातून खेड्यातल्या बोलण्याच्या हक्काबद्दल काहीतरी निघालं, आणि भाषण न करता निघालं.

मामा गप्प राहणाऱ्यांतला नाही.

मामा : विडंबनाचं म्हनशीन त ते आपल्या वऱ्हाडाच्या घरचं हाये, पोरी. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर! या अकोल्यात शिकले, इथंच वकिली केली, मंग खामगाव, जळगाव जामोद. १९०२ साली ‘विविधज्ञानविस्तारा’त त्याईचा ‘साक्षीदार’ आला, अन् मराठीत विनोदी लेख असा लिहिता येते हे लोकाईले समजलं. गडकरी त्याईले गुरू मानत.

भाची : आणि पुस्तकाचं नाव काय?

मामा : सुदाम्याचे पोहे.

भाची : म्हणजे कृष्ण-सुदाम्याची गोष्ट ज्याला माहीत नाही, त्याला मुखपृष्ठावरच थांबावं लागणार. अठरा लेख होते तेव्हा ‘अठरा धान्यांचे कडबोळे’, बत्तीस झाले तेव्हा ‘साहित्य-बत्तिशी’. हे तुम्हीच मला शिकवलंय. पानोपानी कोट्या, पुराणं, संस्कृत. आओयामा डॉयलचं नाव घेतो तर ओळखपत्र, आणि कोल्हटकर सुदाम्याचं घेतात तर परंपरा?

मामा : नाई, तू बरोबर बोलून राह्यली. तेच त दुख हाये. आज अकोल्यात कोल्हटकर कोन वाचते? मी शिकवले ना वर्गात. त्या काळचे सुधारकाईचे वाद, शिमगा, ज्योतिष, श्लेष, साऱ्याच्या टिपा द्या लागत. पोट्टे टिपा उतरवून घेत, हासत नसत. ज्या गोष्टीवर त्याईनं टोला मारला, ते गोष्ट गेली, अन् टोला हवेतच राह्यला. चिं. वि. जोशींचा चिमणराव मात्र अजून चालते, कारन तिथं मानूस हाये. संदर्भाचा विनोद नासतो, पोरी. आता पोट्टीच्या तोंडी जे कामेहामेहा तू लिहून ठेवलं, ते इस वर्सानं कोनाले समजन?

मामाचा हा सगळ्यांत जड दगड होता, आणि तो त्यानं आपल्याच दैवताच्या अंगावरून नेऊन टाकला, याचं मला कौतुक वाटलं. आपल्या आवडत्या लेखकाला साक्षीला उभं करून त्याच्याविरुद्ध जबानी घेणं सोपं नसतं. भाचीला उत्तर द्यायला वेळ लागला. मध्ये चहा आला.

भाची : इन्स्पेक्टर मेगुरे.

मामा : हा कोन?

भाची : कोनानमधला पोलीस. नाव सिमेनॉनच्या मेग्रेवरून. जपानातल्या दहा वर्षांच्या पोराला सिमेनॉन माहीत नाही, बहुतेक त्याच्या बापालाही नाही. तरी हॅटवाला मेगुरे त्याला घरच्यासारखा. म्हणजे संदर्भ मेला तरी माणूस उरला. नासतो तो नुसती मान हलवून जाणारा संदर्भ. पात्राच्या अंगात मुरलेला नासत नाही.

मामा : हे मान्य. पन मुरवनं सोपं नाई.

भाची : आणि दुसरं. कोनानच्या प्रत्येक खंडाच्या शेवटी आओयामा जगातला एकेक गुप्तहेर चित्र काढून ओळख करून देतो. सुरुवात होम्सपासून. वाचा म्हणून पुस्तकही सुचवतो. त्याच्यामुळे मी तुमच्याकडे होम्स मागायला आले होते, आठवतंय? तो पहारेकरी नाही मामा, तो पत्ता देतो.

मामा : पत्ता देते त मंग चांगलं हाये. तुह्या संहितेत कोठी दिला पत्ता?

भाचीनं मान हलवली. पत्ता नव्हता. मामानं लगेच पुढचं पान उलटलं. जिंकलेला डाव सोडून पुढे जाणं हे या माणसाचं शिक्षकी वैशिष्ट्य.

मामा : हे सीन मात्र बम आवडलं. काया आकृतीले पकडाले पोलीस गोठ्याजवळ येतात. साहेब छाती फुगवून हुकूम देते, दरवाजा तोड. अन् गोठ्याले दरवाजाच नाई, आडवी ताटी, तेही उघडी.

भाची : पाहा, सापडलात! हे सीआयडी आहे. शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न आणि दरवाजे तोडणारा दया. १९९८ पासून वीस वर्षं सोनीवर चाललं, २०२४ मध्ये पुन्हा आलं. ज्यानं सीआयडी पाहिलं नाही, त्याला यात काय? तुम्ही हसलात ते ओळखपत्र खिशात होतं म्हणून.

मामा : नाई. हासलो ते दरवाजा नाई म्हून. दयाले काढून टाक. हुकूम देनारा साहेब अन् दरवाजा नसलेला गोठा, एवढं पुरे.

भाची : खरं सांगा.

मामा : ...अर्धं अर्धं.

एरवी मामाच्या तोंडून ‘अर्धं अर्धं’ निघणं म्हणजे मोठी कबुली. मला विचाराल तर तो सत्तर टक्के दयावर हसला होता. सीआयडी स्वतःच इतकी गंभीर चेहऱ्याची मालिका, की लोकांनी तिच्यावर प्रेम केलं ते अर्धं तिची नक्कल करत. याच मालिकेनं २००४ मध्ये एकशे अकरा मिनिटांचा भाग एकाच सलग शॉटमध्ये घेऊन विक्रम केला होता. तो विक्रम आज कुणी सांगत नाही, दरवाजा मात्र सगळ्यांना पाठ. त्याआधीच्या पिढीचं ‘करमचंद’चं गाजरही तसंच, १९८५ चं. पंकज कपूरनं सोडवलेल्या केसेस विसरल्या गेल्या, गाजर राहिलं. भाचीच्या ‘मुरण्या’च्या सिद्धांताला मी मनातल्या मनात ही दोन उदाहरणं जोडून ठेवली.

मामा : आता पाठलाग. चोर अकोला रस्त्यानं गाडीत पयते. तोच रस्ता ना, ज्याचं पंच्याहत्तर किलोमीटर डांबर २०२२ मध्ये पाच दिवसांच्या आत टाकून गिनीजमधी नाव लागलं? अन् पाटील त्याच्यामागं शकुंतलेतून निघते! वा! नॅरोगेज! चालत्या गाडीतून उतरा, बोरं तोडा, परत चढा. हे खरं वऱ्हाडी.

भाची : मामा, शकुंतला पुण्याच्या माणसाला काय कळणार? मूर्तिजापूर-अचलपूर, मूर्तिजापूर-यवतमाळ, आता बंद पडलेली. त्याला टीप द्यावी लागेल.

मामा : देऊ नोको. समजून घ्याचं असन त इचारन तो.

भाची : मग कोनानसाठी तुम्ही विचारा ना! पारस, शकुंतला, ताटी, हे चालतं, कारण ते तुमचं. कोनान चालत नाही, कारण तो माझा. पुणेकराच्या दारात आपण दोघंही सारखेच परके.

इथे मामा खरोखर अडकला. मुंबईच्या मालिकांनी वऱ्हाडी माणूस दाखवला, तेव्हा नेहमी हेल काढून, भाबडा किंवा शिवराळ. आमच्या अमरावतीच्या भरत गणेशपुरेंनी ‘चला हवा येऊ द्या’मधून ही बोली घरोघर नेली तेव्हा मामाला आनंद झाला होता, कारण तिथं बोली कुणी समजावून सांगत बसलं नाही. आपल्या संदर्भांना टीप लागू नये, हा त्याचा हट्ट रास्त आहे. पण मग तोच हक्क वीस वर्षांच्या पोरीला तिच्या संदर्भांसाठी का नको? (जाता जाता : शकुंतलेचं वाफेचं इंजिन १९९४ मध्ये गेलं, त्याच वर्षी जपानात कोनान सुरू झाला. याचा अर्थ काहीही नाही, पण भाचीच्या मैत्रिणींना सांगितल्यावर त्यांनी तेही संहितेत घातलं.)

मामा : मी टीप मागत नाई. मी म्हनतो, टीप न लागता जागा भरली पायजे. शकुंतला कोनाले माहीत नसली तरी, मोटारीमागं बैलगाडीच्या चालीनं आगगाडी चालली, हे डोयाले दिसते. तुह्या कामेहामेहाचं तसं नाई. पोट्टी मधीच दोन्ही हात कमरेजवळ घेते, ओरडते, अन् चोर पडते. काऊन पडते?

भाची : गोकूची ती शक्ती आहे. ‘ड्रॅगन बॉल’, अकिरा तोरियामा. २०२४ मध्ये ते गेले तेव्हा आमच्या वर्गातली अर्धी पोरं हळहळली. त्यांच्या आठवणीत ठेवलंय ते.

मामा : श्रद्धांजली वायली अन् सीन वायलं. चोर पडाले कारन पायजे.

भाची : ते काढणार नाही मी.

मामा : काढू नोको. पोट्टीच्या हातून काढ. पाटलाले दे.

भाची : पाटलाला? त्याला गोकू कुठून माहीत असणार?

मामा : तेच त. तो झोपेत ओरडते ना. चोराले वाटते, पाटील जागा झाला, अन् घाबरून शेनात पडते.

भाची : पण झोपेत तो नेमकं कामेहामेहाच का ओरडेल?

मामा : त्याच्या घरी नातू नाई का? दिवसभर टीव्हीसमोर बसून तेच ओरडत असन. म्हाताऱ्याच्या कानात बसलं.

भाची : नातू संहितेत नाहीच आहे मामा.

मामा : मंग आन त्याले. दुसऱ्या भागात पाटील जेवत असते तेव्हा मागं टीव्ही चालू ठेव, अन् नातवाच्या हातात रिमोट दे. म्हातारा बातम्या लाव म्हनते, पोट्टं लावत नाई.